देवमातेची करंगळी

"हात सैल सोडा, मास्त्रो. मोजे शिवायचेत, बेड्या नाही ठोकायच्यात," असे म्हणत कोर्सोने बिंदोंचा डावा पंजा मेंढीच्या मऊ कातड्यावर पालथा ठेवला आणि वरून हलकेच दाबला.

"सैलच आहे तो," बिंदो म्हणाले.

"कसला सैल! खुंटीसारखा ताठ आहे. काकू, तुम्हीच सांगा बाई यांना."

दाराशी तिवईवर बसलेल्या तेस्साबाईंनी मान वर केली नाही. मांडीवरच्या टोपलीतले चेस्टनट निवडता निवडताच त्या म्हणाल्या, "माझं ऐकत असते तर तू गावात आलास त्या दिवशीच इथं आले असते. परांचीवर उभं राहून बोटं काकडतात, आणि घरी आले की माझ्या रश्श्याच्या भांड्याला मिठी मारून बसतात. जेवायचं कुणी आणि शेकायचं कुणी!"

कोर्सो हातमोजे शिवणारा. पोज्जोर्सोच्या टेकडीवर त्याने दुकान थाटले, त्याला अजून वर्ष पुरे झाले नव्हते. दुकानावरची पाटी बिंदोंनी रंगवून दिली होती. गडद तांबड्या भूमीवर वर उचललेला एक गोरा हात, एवढेच त्या पाटीवर होते. तिच्या बदल्यात थंडी पडण्यापूर्वी मोज्यांचा एक जोड, हा सौदा तेस्साबाईंनी नवऱ्याला न विचारताच ठरवून टाकला होता. त्या घरातले व्यवहार असेच चालत. बिंदो रंगांकडे पाहत आणि उरलेल्या जगाकडे तेस्साबाई पाहत.

कोर्सो खडूने एकेका बोटाभोवती रेघ ओढू लागला. अंगठा झाला, तर्जनी झाली, मध्यमा आणि अनामिकाही झाली. करंगळीपाशी येऊन खडू थबकला.

"ही अशी कशी हो?"

"लहानपणी तुतीच्या झाडावरून पडलो. हाडवैद्यानं बसवली, ती अशी बसली. दुखत-खुपत नाही काही."

"तुम्हाला दुखत नसेल, मला दुखणार. हिच्यासाठी वेगळा तुकडा बेतायला हवा." कोर्सोने ती करंगळी चिमटीत धरून निरखली. कोयत्याच्या पात्यासारखी ती बाहेर झुकून टोकाशी पुन्हा आत वळली होती. मग एकाएकी खडू तसाच टाकून तो दुकानाबाहेर गेला, मान वर करून आपली पाटी त्याने पाहिली आणि हसत हसतच आत आला.

"अरे देवा! म्हणजे पाटीवरचा हात तुमचा आहे होय! गिऱ्हाइकं मला रोज छळतात, तू काय फक्त वाकड्या बोटांचे मोजे शिवतोस का म्हणून. मी सांगायचो, बाबांनो, ही इकडची रीत आहे. तुमच्या देवळातल्या मारियामातेची करंगळी तशीच, खाली घाटावरच्या चित्रातल्या मातेचीही म्हणे तशीच, आणि तिकडे फ्लॉरेन्सला तुमच्या चेल्यानं, मेओनं, वेदीवर जी देवमाता काढलीय, तिचीही तशीच. मला वाटलं, चित्रकारांचा काहीतरी शास्त्रार्थ असेल. आणि हे तर तुतीचं झाड निघालं!"

तेस्साबाईंना हसू आवरेना. टोपली कलंडली आणि चेस्टनट जमिनीवर घरंगळले.

बिंदो मात्र हसले नाहीत. त्यांनी आपला हात कातड्यावरून उचलला, डोळ्यांसमोर धरला आणि पुष्कळ वेळ ते त्याच्याकडे पाहत राहिले.

"मेओच्या चित्रातही?" त्यांनी हळूच विचारले.

"मेओच्या, आणि मेओच्या हाताखालच्या पोरांच्याही. आता तिकडे सगळे तशीच काढतात."

बिंदो उठले, टोपी डोक्यावर ठेवली आणि दुकानातून बाहेर पडले.

"अहो, माप राहिलं की!" तेस्साबाई मागून ओरडल्या. पण तोवर ते चौक ओलांडून गेले होते.

*

दुपारच्या त्या निवांत वेळी देवळात चिटपाखरू नव्हते. उंच झरोक्यांतून उतरणारा शरदातला प्रकाश उत्तरेच्या भिंतीवर विसावला होता. ती भिंत बिंदोंनी ऐन उमेदीत रंगवली होती, आणि तिच्यावरील प्रत्येक मुखाशी त्यांचा परिचय आप्तेष्टांसारखा होता. परंतु त्या दिवशी ते मुखांकडे पाहत नव्हते.

नेत्र तबकात घेऊन उभी असलेली संत लुचिया. तिची करंगळी वाकडी. देवदूत गाब्रिएल कमळासारखे शुभ्र लिलीचे फूल धरून गुडघ्यावर टेकलेला, त्याचीही वाकडी. तपस्वी अंतोनियोची वाकडी. चांदीच्या नाण्यांची थैली छातीशी आवळून पाठमोरा चाललेल्या, येशूला धरून देणाऱ्या विश्वासघातक्याचीदेखील वाकडी. त्या एका बाबतीत संतांत आणि त्याच्यात बिंदोंनी कसलाच भेद ठेवला नव्हता. आणि मातेच्या मांडीवरच्या तान्ह्या येशूची ती मुगाच्या शेंगेएवढी करंगळी, तीसुद्धा तुतीच्या झाडावरून पडल्यासारखी!

बिंदो खांबाच्या पायथ्याशी बसले.

हे कसे झाले, ते त्यांना तत्क्षणी उमगले, आणि इतकी वर्षे ते कसे उमगले नाही, हे मात्र मुळीच उमगले नाही. पिंपे करणाऱ्या गरीब बापाचा हा मुलगा. ज्या गुरूपाशी चित्रविद्या शिकला, त्या गुरूपाशी नमुने थोडे आणि दारूची तहान फार. तेव्हा हात काढायचा म्हटले की बिंदो आपलाच डावा हात समोर धरीत आणि उजव्याने उतरवीत. बिनमोलाचा, सदैव हजर, कुरकुर न करणारा असा तो हात. उजवा हात हवा असला तर तोच उलटा करून घ्यायचा. पुढे तेही करावे लागेनासे झाले. हाताचे वळण मनगटात असे मुरले की डोळ्यांचे कामच संपले. आपली करंगळी वाकडी आहे हे त्यांना ठाऊक होते. आपण ती रंगवीत आहोत हे मात्र ठाऊक नव्हते.

तसे त्यांचे आयुष्य काही मोठे गाजलेले नव्हते. नवऱ्यामुलींच्या पेट्या त्यांनी रंगवल्या, सणाच्या मेणबत्त्यांवर वेली काढल्या, नगरप्रमुखाच्या खोगिरावर त्याचे चिन्ह काढले. वेशीवर सिंह काढला, त्याला गाव आजही मांजर म्हणते. आणि या साऱ्यांतून वेळ मिळेल तसतशा खोऱ्यातल्या देवळांच्या भिंती त्यांनी रंगवल्या. हात धरून काही जणांना शिकवले. त्यांतला मेओ फ्लॉरेन्सला गेला, तिथे त्याची मोठी चित्रशाळा झाली, आणि कुणी विचारले तर तो अजूनही सांगे की, मी पोज्जोर्सोच्या बिंदोंचा. या एका वाक्यावर बिंदोंचे म्हातारपण मोठ्या समाधानात चालले होते.

आणि आता दिसत होते ते असे की, आपण त्याला दिले ते एक मोडके बोट.

*

इस्पितळाच्या मोठ्या दालनात नुतो गवंडी चुना मळून, थापी धुऊन, वाट पाहून कंटाळून परांचीच्या खालच्या फळीवर कांदा-पाव खात बसला होता. बिंदो आणि नुतो तरुणपणापासूनचे जोडीदार. सकाळी नुतोने दिवसभर पुरेल एवढाच ओला गिलावा भिंतीवर चढवायचा आणि तो वाळायच्या आत बिंदोंनी त्यात रंग भरायचा. कारण ओल असते तोवरच रंग भिंतीत मुरतो आणि मग भिंतीबरोबर जगतो. वाळल्यावर वरून केलेली दुरुस्ती पापुद्र्यासारखी गळून पडते. चूक सुधारायची तर गिलाव्यासकट खरवडून काढायची, दुसरा उपाय नाही.

समोरच्या भिंतीवर देवमाता आपले विशाल प्रावरण पसरून उभी होती आणि त्याच्या आश्रयाला सारे गाव दाटीवाटीने गुडघे टेकून बसले होते. रुग्णांना खाटेवरून दिसावी म्हणून ती मुद्दाम उंच घेतली होती. सर्व काही पूर्ण झाले होते. उरला होता फक्त प्रावरणाची कड धरणारा तिचा डावा हात. तेवढ्या जागी भिंत अजून उघडी होती. ही आपली शेवटची भिंत, असे बिंदोंनी तेस्साबाईंना कबूल केले होते. गुडघे आता शिडीला भीत होते.

"आलास? चुना माझ्याआधी म्हातारा व्हायला लागलाय," नुतो म्हणाला.

"आज गिलावा नको."

"का? काय झालं?"

बिंदोंनी आपली करंगळी त्याच्यापुढे धरली. "ही बघ. आणि मग ते बघ." त्यांनी भिंतीवरच्या, मातेच्या पायाशी हात जोडून बसलेल्या लोकांकडे बोट केले. "सगळ्यांची. सगळ्यांची, नुतो!"

नुतोने आधी करंगळी पाहिली, मग भिंत पाहिली, मग कांद्याचा एक चावा घेतला.

"तुला हे आत्ता कळलं?"

"तुला ठाऊक होतं?"

"अरे, गावातल्या कुत्र्यांना ठाऊक आहे."

"मग बोलला का नाहीस कधी?"

"काय बोलणार? मला वाटलं, तुझ्या आईचा नवस-बिवस असेल. कुणाच्या नवसात आपण कशाला नाक खुपसा! आणि आपले पाद्रीबुवा तर एका ईस्टरला प्रवचनात म्हणाले की, परमेश्वर माणसासाठी खाली वाकला, त्याची ती खूण आहे. तू तिथंच होतास की, खांबाला टेकून."

"मला झोप लागली असणार."

"लागलीच होती. घोरत होतास. पाद्रीबुवांनी आवाज चढवला तो तुझ्यामुळेच."

बिंदोंच्या चेहऱ्यावर स्मिताची रेषाही उमटली नाही. ते फळीवर नुतोच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "ही शेवटची भिंत आहे. हिच्यावर तरी हात बरोबर यायला हवा. पण इथं सरळ काढला आणि बाकी सगळीकडे वाकडाच राहिला, तर लोक म्हणतील, म्हाताऱ्याला मरताना अक्कल आली. तेव्हा आधी मागचं निस्तरतो. तुझी छिन्नी दे. आणि थोडा चुना."

"कुठं निघालास?"

"घाटावर. पहिली चूक तिथली आहे."

नुतोने छिन्नी, हातोडी आणि ओल्या फडक्यात बांधलेला चुन्याचा गोळा पिशवीत घालून दिला. मिशीतल्या मिशीत हसत तो म्हणाला, "जा. आज धुण्याचा दिवस आहे, एवढं मात्र ध्यानात असू दे."

*

एर्ला नदीच्या उतारावर, जिथे पाणी गुडघाभर होते आणि सपाट खडक पसरले होते, तिथे दगडी कोनाड्यात बिंदोंनी रंगवलेली मारियामाता होती. गुरूला सोडून स्वतंत्रपणे केलेले ते त्यांचे पहिले काम. घाट बायकांचा, पुरुष नदी ओलांडायचे ते वर गिरणीच्या पुलावरून. त्यामुळे आपल्या त्या पहिल्या चित्राचे दर्शन बिंदोंनाही कित्येक वर्षांत घडले नव्हते.

ते जवळ गेले आणि चकित झाले. मातेचा चेहरा, निळे वस्त्र, बाळाचे जावळ, सारे जसेच्या तसे होते. परंतु बाळाच्या कमरेला वेढलेल्या हातापाशी, नेमक्या करंगळीच्या वळणात, गिलावा झिजून गुळगुळीत झाला होता, आणि देवळाच्या उंबरठ्यासारखा काळसर, तेलकट चमकत होता. ओल आली असावी असे त्यांना वाटले. छिन्नीचे टोक त्यांनी तिथे टेकवले.

"ओ बिंदोदादा! ते काय चाललंय?"

धुण्याच्या पिळ्यासकट जेम्मा पाण्यातून उठून आली. ती घाटावरची सर्वांत जुनी परटीण. तिच्या जिभेला बाजारातले कसाईदेखील वचकून असत. तिच्या पाठोपाठ बाकीच्या बायकाही आल्या, आणि क्षणार्धात बिंदो ओल्या कपड्यांच्या आणि उघड्या कोपरांच्या वेढ्यात सापडले.

"बोट दुरुस्त करतोय," ते म्हणाले.

"कुणाचं?"

"मारियामातेचं. वाकडं आहे ते."

"मग?"

"मग म्हणजे काय? चूक आहे ती, जेम्मा. माझी चूक."

"असेल. माझा नवराही चूकच होता. म्हणून काय छिन्नी घेऊन बसले त्याला? त्याच्याबरोबर जन्म काढला."

बायका खदखदून हसल्या. बिंदो हसले नाहीत, हे पाहून जेम्माने पिळा खांद्यावर टाकला आणि आवाज जरा खाली आणला.

"दादा, तुम्ही काढलंत, पण तुम्हाला ठाऊक नाही. आम्ही बायका शब्द देतो तो इथं देतो. हे असं." तिने आपली करंगळी वाकवली आणि मातेच्या करंगळीच्या त्या झिजलेल्या वळणात टेकवली. सुजलेल्या, पाण्याने पांढऱ्या पडलेल्या सांध्यांचे ते बोट तिथे असे चपखल बसले, जणू तेवढ्यासाठीच ती जागा राखून ठेवली होती. "माईचं बोट वाकलेलंय ते आमचं धरायला. लग्न ठरलेली पोर येते, भांडलेल्या बहिणी येतात. ती लाल रुमालवाली दिसते ना? तिनं अन् तिच्या जावेनं तांब्याच्या कढईवरून तोंड बघणं सोडलं होतं एकमेकींचं. इथं आणून उभ्या केल्या दोघींना."

"आणि कढई?"

"कढई माझ्याकडे आहे," जेम्मा म्हणाली. "म्हणून तर दोघींचं जमतं."

"मला कुणी कसं सांगितलं नाही?"

"पुरुषांना कशाला सांगायचं? मग तुम्हीही याल, शब्द द्याल आणि मोडाल. बिचाऱ्या माईचं बोट दुखायला लागेल." मग ती त्यांच्याकडे तिरक्या नजरेने पाहत म्हणाली, "तुमच्या तेस्सानं पण दिलाय की इथं शब्द. ज्या दिवशी तुम्हाला हो म्हणाली, त्याच दिवशी. मी होते बरोबर."

बिंदोंच्या हातातली छिन्नी खाली आली.

"आता सांगा," जेम्मा म्हणाली, "सरळ बोटात आम्ही आपलं बोट अडकवायचं कुठं?"

कोनाड्याच्या तळाशी, मातेच्या पायाखाली, एक तडा गेला होता. त्यांनी पिशवीतून चुन्याचा गोळा काढला आणि ते तो तडा बुजवू लागले. बायका आपापल्या खडकांकडे परतल्या, जाता जाता जेम्मा बजावून गेली, "डाव्या कडेलाही भरा थोडं. तिथून मुंग्या येतात."

*

दिवेलागणीला तेस्साबाईंनी शिळ्या पावावर कोबीचा आणि वालाचा रस्सा वाढला, वर ऑलिव्हच्या तेलाची धार सोडली. बिंदो चमचा हातात धरून बसले होते.

"निवतंय," त्या म्हणाल्या.

"तू घाटावर शब्द दिला होतास म्हणे. मला हो म्हणालीस तेव्हा."

तेस्साबाईंचा हात तेलाच्या बुधलीवर थांबला. "जेम्मा! तिच्या पोटात पाणीसुद्धा राहत नाही."

"काय शब्द दिला होतास?"

"की हा माणूस रंगाच्या नादात उशिरा येईल, वाढलेलं निववून खाईल, आणि तरी मी त्याच्यावर ओरडणार नाही."

"तू तर रोज ओरडतेस."

"म्हणून तर दर वर्षी जाऊन माफी मागते. जेवा आता."

बिंदो हसले, त्या दिवसातले ते त्यांचे पहिले हसू. त्यांनी दोन-चार घास खाल्ले. पण मनातली सल काही गेली नव्हती. जरा वेळाने ते म्हणाले, "घाटावरचं राहू दे. ते आता बायकांचं झालं. पण मेओचं काय? त्याला मी फळीवर एक हात काढून दिला आणि म्हटलं, हा गिरव, गिरवत राहा, झोपेतही यायला हवा. त्यानं बिचाऱ्यानं गिरवला. मी एकदाही म्हटलं नाही की, बाबा रे, स्वतःच्या हाताकडे बघ, आईच्या हाताकडे बघ. कसं म्हणणार? मीच बघितलं नव्हतं."

तेस्साबाईंनी या वेळी टोमणा मारला नाही. नवऱ्याचा आवाज किती खोलातून येतोय, हे त्यांना बरोबर ओळखता येई.

"तो इथून गेला तेव्हा जिन्यावर रडत होता," त्या म्हणाल्या. "बोटासाठी नव्हता रडत. तुम्ही त्याला आणखीही काही दिलं असेल. आणि बघायचं राहून गेलं म्हणता, तर उद्या बघा. उद्या भिंत आहे, हातही आहे."

"पण सरळ काढू की वाकडं?"

"ते मला काय विचारता? मी चेस्टनट निवडणारी बाई. पण आधी बघा, मग ठरवा."

*

सकाळी नुतोने विचारले, "सरळ की वाकडं? तेवढं सांग, म्हणजे गिलावा त्या आकाराचा चढवतो."

"पसरट लाव. दोन्ही मावतील असा."

"म्हणजे तुझं ठरलेलं नाही."

"नाही."

नुतो पुटपुटत कामाला लागला. वीतभर जागेवर त्याने गिलावा चढवला, थापीने घोटून लोण्यासारखा केला आणि बाजूला झाला. खाटांवरचे रुग्ण उशांना टेकून पाहू लागले. इस्पितळात दुसरी करमणूक ती कोणती!

बिंदोंनी आधी मनगट केले, मग तळव्याची कड, मग अंगठा. मग त्यांनी नुतोला हात वर करायला लावला आणि त्याच्या चुन्याने भेगाळलेल्या, सरळसोट करंगळीकडे निरखून पाहिले. ती निर्दोष होती. बिंदोंनी कुंचला उचलला, रेघ घेण्यासाठी भिंतीपाशी नेला आणि तसाच मागे घेतला. त्या बोटाशी त्यांचा काहीच परिचय नव्हता.

मग त्यांनी सवयीप्रमाणे आपला डावा हात समोर धरला. मात्र या वेळी उजवा हात लगेच चालू लागला नाही. ते पाहू लागले.

आणि त्यांच्या ध्यानात आले की, ती वाकडी करंगळीसुद्धा आपण कधी बरोबर काढली नाही. इतकी वर्षे ते तिला मधल्या सांध्यात वाकवीत आले होते. वाक प्रत्यक्षात वरच्या सांध्यात होता. आणि शेजारची अनामिका, जिला त्यांनी नेहमी खांबासारखी ताठ काढली, ती मुळीच ताठ नव्हती. करंगळी जिकडे झुकली, तिकडेच तीही थोडी झुकली होती. पडलेल्या बहिणीला सावरायला जावे आणि तशीच तिच्या शेजारी राहून जावे, तशी. लहानपणापासून ती अशीच झुकलेली असणार, आणि तिची दखल जगात कुणी घेतली नव्हती. ज्याच्या हाताला ती होती त्यानेही नाही.

"मेओला हे दाखवायला हवं," ते स्वतःशीच म्हणाले.

"काय?" नुतोने विचारले.

"काही नाही. पाणी शिंपड जरा कडेला."

ते रंगवू लागले. गुलाबी, किंचित हिरवट, नखाशी पांढुरका, असा एकेक हात देत, पाहत आणि पुन्हा पाहत. काम मंद झाले, कारण प्रत्येक रेघेपूर्वी ते पाहत होते, आणि गिलावा कुणासाठी थांबत नाही. कडा फिक्या पडू लागल्या. कुंचला जरा ओढू लागला. त्यातच समोर धरलेला डावा हात थरथरू लागला. वयाला एवढा वेळ हात अधांतरी धरणे सोसेना. बोटे हलली की सांधा दिसेनासा होई, आणि सवयीचा जुना आकार उजव्या हातात आपणहून येऊ पाही.

"खाली घे जरा. दम खा," नुतो म्हणाला.

"दम खाल्ला तर वाळेल. नुतो, हे बोट पुरं नाही झालं तर..."

"तर उद्या खरवडू."

"उद्या मला हे असं दिसेल की नाही, कुणी सांगावं!"

तेवढ्यात तेस्साबाई जेवणाची टोपली घेऊन दालनात आल्या. त्यांनी परांचीकडे पाहिले, नवऱ्याचा कापणारा हात पाहिला, आणि टोपली कुणाच्या तरी खाटेवर ठेवून त्या शिडी चढू लागल्या.

"वहिनी, फळी दोघांचीच आहे हो!" नुतो ओरडला.

"मग तू उतर. पोट बघ तुझं, तिघांची जागा अडवून बसलास."

नुतो हसत हसत खाली उतरला. तेस्साबाई बिंदोंच्या डाव्या अंगाला उभ्या राहिल्या. आपला तळवा त्यांनी नवऱ्याच्या कोपराखाली दिला आणि दुसऱ्या हाताने मनगट खालून धरले. थरथर थांबली. हात जिथे हवा होता, तिथे स्थिर झाला.

"असं?" त्या म्हणाल्या.

"थोडं वर. हां. असंच."

खाली नुतो भांडे घासत होता, त्याचाच काय तो आवाज. बिंदोंनी वरच्या सांध्याचा वाक घेतला, सुरकुतीची बारीक रेघ घेतली, नखाचा तिरका कंगोरा घेतला. मग अनामिका, झुकलेली. तिच्या आणि करंगळीच्या मधली सावली त्यांनी शेवटी भरली, अगदी पातळ, आणि ती घेताना कुंचला भिंतीवर शेवटचा एकदा ओढला. गिलाव्याने तेवढा रंग पिऊन घेतला आणि मग तो आणखी रंग घेईनासा झाला.

बिंदोंनी कुंचला पाण्यात ठेवला.

"झालं?" तेस्साबाईंनी विचारले.

"झालं."

"बरं."

खालून नुतो म्हणाला की, रस्सा निवतोय आणि तो आता थांबणार नाही. एका खाटेवरून कुणीतरी म्हणाले, खुशाल सुरू कर, आम्ही आहोत मदतीला. बिंदोंनी ते ऐकले असेल किंवा नसेल. ते भिंतीकडे पाहत उभे होते, आणि तेस्साबाईंनी त्यांचा हात अजून सोडला नव्हता.